मरीन टँकसाठी मीठ निवडताना काय मोजावं

मरीन टँक म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्यासाठी मिळणाऱ्या मरीन सॉल्टच्या बादलीवर ‘रीफ’ किंवा ‘प्रो’ लिहिलेलं असतं, त्यावरून आपल्या टँकचं काही कळत नाही. मीठ ठरवण्याआधी मी तीन आकडे काढतो: टँकमध्ये प्रत्यक्ष किती लिटर पाणी आहे, एका वेळी त्यातलं किती बदलायचं आहे, आणि आठवड्याभरात केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं अंशांतलं माप) किती उतरतो. हे हातात असले की दुकानातल्या निम्म्या बादल्या आपोआप बाजूला होतात.

माझा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काचेच्या मापाने तो अडीचशे लिटरच्या थोडा वर जातो, पण पाण्याची पातळी काठाखाली असते आणि दगड-वाळूही जागा खातात. ते वजा करून, संपमधलं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी मिळवून हिशेबाला २०० लिटर धरायचे. दर आठवड्याला २० लिटरचा एक जार, म्हणजे १० टक्के पाणी बदलतो. आत मासे आणि सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा न बांधणारी कोरल, आहेत: झोआ, मशरूम, लेदर. भारतात दगडी सांगाडा बांधणारी कोरल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे घरगुती टँक असाच असायला हवा. मिठाच्या निवडीत याला महत्त्व आहे. भरपूर केएच आणि कॅल्शियम घातलेली मिठं त्या दगडी कोरलची भूक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात, आणि सॉफ्ट कोरलला तेवढी भूक नसते.

खुल्या समुद्राचं पाणी ३५ खारेपणाचं असतं, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. त्यात केएच सुमारे ७, कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असतं. बाजारातली मिठं मुख्यतः केएचवरून वेगळी पडतात. रेड सीच्या साध्या मिठाचा केएच ८ च्या आसपास, तर त्यांच्याच कोरल प्रोचा १२ च्या आसपास. इन्स्टंट ओशन ११ च्या जवळ. ट्रॉपिक मरीन प्रो-रीफ समुद्राच्या आकड्याजवळ. प्रत्येक लॉटमध्ये थोडा फरक पडतो, म्हणून हे आकडे फक्त पहिल्या चाळणीसाठी वापरायचे.

यातला आपला कोणता, हे एका साध्या हिशेबाने निघतं. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं, तर टँकचा केएच अखेर एका जागी स्थिरावतो. ती जागा म्हणजे मिठाचा केएच वजा आठवड्याच्या घटीची दहापट. उदाहरणार्थ, आठवड्याची घट ०.३५ आहे आणि मिठाचा केएच ११ आहे. मग टँक ७.५ वर स्थिरावेल: पाणी बदललं की ७.८५, सात दिवसांनी पुन्हा ७.५. टँक ८ वर ठेवायचा असेल आणि घट ०.१ असेल, तर ९ केएचचं मीठ पुरतं. घट आठवड्याला २ असेल तर याच हिशेबाने २८ केएचचं मीठ लागेल, आणि ते कुठेच मिळत नाही. अशा टँकला केएच वाढवणाऱ्या द्रावणाचा रोजचा डोस द्यावाच लागतो. तिथे मिठाचा केएच टँकच्या केएचइतकाच निवडावा, म्हणजे पाणी बदलण्याच्या दिवशी झटका बसत नाही. २० टक्के पाणी बदलत असाल तर दहापटीऐवजी पाचपट धरा.

घट मोजताना किटच्या चुकीचा विचार करावा लागतो. घरगुती केएच चाचणीत पाव-अर्ध्या अंशाचा फरक सहज येतो, त्यामुळे एका आठवड्याच्या ०.३ घटीवर विसंबता येत नाही. मी दोन आठवडे पाणी न बदलता, डोस पूर्ण बंद ठेवून, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी सकाळी एकाच वेळी आणि एकाच किटने मोजतो. मग फरक भागिले दोन. मधल्या काळात उडालेलं पाणी साध्या आरओ-डीआय पाण्याने (आरओ आणि नंतर डीआय रेझिनमधून काढलेल्या, क्षार नसलेल्या पाण्याने) रोज भरून खारेपणा तोच ठेवायचा, नाहीतर पाणी आटल्यामुळे केएच वाढलेला दिसतो. कोरल कमी आणि मासे भरपूर असलेल्या टँकमध्येही केएच उतरतो, याचं अनेकांना नवल वाटतं. अमोनियाचं नायट्रेट होताना केएच खर्च होतो. ५० पीपीएम (लिटरला ५० मिलिग्रॅम) नायट्रेट साठलं की सुमारे २.३ अंश केएच गेलेला असतो. तिथे मीठ बदलण्याआधी खाणं आणि नायट्रेट आवरावं.

कॅल्शियमच्या आकड्यावरून मीठ निवडू नये, असं माझं ठाम मत आहे. सांगाडा बांधताना केएच २.८ अंश खर्च होतो, तेव्हा कॅल्शियम फक्त २० मिलिग्रॅम कमी होतं. म्हणजे केएच अर्धा अंश घसरला तरी कॅल्शियममधली घट किटला दिसणारही नाही. ४२० आणि ४५० कॅल्शियमच्या मिठांमध्ये सॉफ्ट कोरलच्या टँकला काही फरक पडत नाही. मॅग्नेशियम मात्र १२०० च्या खाली असेल तर ते मीठ घेऊ नका. मॅग्नेशियम कमी असलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट लवकर एकत्र येऊन पांढरा थर होऊन बसतात.

खर्चामुळे खडेमीठ वापरावं का, हा प्रश्न कोकणपट्टीत हमखास येतो. मिठागरात समुद्राचं पाणी आटवतात, तेव्हा आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम खाली बसतं, त्यानंतर साध्या मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा बराचसा भाग उरलेल्या कडवट पाण्यातच राहतो, आणि ते पाणी वेगळं काढतात. त्यामुळे उरण किंवा वसईच्या मिठागरातलं मीठ समुद्रातूनच आलेलं असलं, तरी ते विरघळवून समुद्राचं पाणी परत होत नाही. ते बहुतांशी सोडियम क्लोराइड असतं. किनाऱ्यावरून पाणी भरून आणायचं तर मुंबईच्या आसपास खाड्यांचा गाळ आणि सांडपाणी त्यात येतं. पावसाळ्यात खारेपणाही खूप खाली जातो.

आता पाणी. पिण्याच्या आरओ मशीनमधून बहुतेक वेळा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं किंवा मिनरलच्या नळीतून गेलेलं असतं, आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ५० ते १०० दिसतो. अशा पाण्यात कोणतंही मीठ घातलं तरी त्याचे खरे आकडे कळत नाहीत. मिसळणीचा नॉब पूर्ण बंद करून, मिनरलची नळी वगळून, मेंब्रेननंतर डीआय रेझिनचा एक टप्पा लावायचा. टीडीएस शून्य यायला हवा. तो १-२ दिसू लागला की रेझिन बदलायचा. रेझिनमधून सिलिकेट निसटलं की वाळूवर तपकिरी थर येतो आणि लोक नव्या मिठाला दोष देतात. तांब्याचा अंश कोळंबी आणि गोगलगायींना मारतो.

मीठ पसंत करण्याआधी मी छोट्या पिशवीवर चाचणी घेतो. बंद पिशवी आधी नीट उलटसुलट करायची, कारण वाहतुकीत बारीक आणि जाड कण वेगळे झालेले असतात. पाच लिटर आरओ-डीआय पाणी, तापमान २५ अंशांच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यात टाकीचं पाणी याहून बरंच गरम असतं. ते थंड होऊ द्यावं, कारण गरम पाण्यात थर लवकर बसतो. पाण्यात छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) चालू ठेवून १९० ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला ३८ ग्रॅम, थोडं थोडं सोडायचं. मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं की तळाशी काही क्षण फार दाट द्रावण तयार होतं, कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं, पाणी दुधाळ होतं आणि केएच गेलेला परत येत नाही. मीठ पूर्ण विरघळल्यावर खारेपणा मोजून तो बरोबर ३५ वर आणायचा, आणि मगच केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट मोजायचं. हा क्रम सोडला तर तुलना फसते. ४२० कॅल्शियमचं मीठ ३३ खारेपणावर मोजलं तर ३९६ दाखवतं, आणि चांगलं मीठ उगाच बाद होतं.

दुसऱ्या दिवशी केएच पुन्हा मोजायचा. एक अंशापेक्षा जास्त उतरला असेल, भांड्याच्या भिंतीला पांढरी पूड लागली असेल, तर ते मीठ तयार करून साठवण्याजोगं नाही. जास्त केएचच्या मिठांत हे जास्त दिसतं. ती मिसळून काही तासांत वापरायची असतात, पिशवीवर तशी सूचना असते ती पाळावी. ज्याला शनिवारी रात्री पाणी तयार करून रविवारी बदलायचं आहे, त्याने ७ ते ९ केएचचं मीठ घ्यावं. तळाशी थोडी तपकिरी माती दिसली तर घाबरू नये. वरचं स्वच्छ पाणी वापरावं, गाळ सोडून द्यावा.

या सगळ्याचा पाया खारेपणाच्या मापावर आहे, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणाऱ्या उपकरणावर, जरा थांबतो. तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य केला की काम झालं, असं नाही. बरेचसे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्याला दीड-एक जास्त दाखवतात. मग आपण ३५ समजून ३३.५ वर टँक चालवतो. ३५ चं तयार कॅलिब्रेशन द्रावण घ्यावं, त्याचे दोन थेंब टाकून अर्धा मिनिट थांबावं आणि स्क्रू फिरवून ३५ वर, म्हणजे घनतेच्या पट्टीवर १.०२६४ ला, आणावं. द्रावण मिळत नसेल तर ३.६५ ग्रॅम घरचं मीठ ९६.३५ ग्रॅम आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. त्याचा प्रकाशाचा वक्रीभवनांक ३५ च्या समुद्रपाण्याइतकाच असतो. यासाठी ०.०१ ग्रॅमचा काटा हवा. तो नसेल तर सगळं दहापट घ्या.

किंमत किलोवर पाहू नका, लिटरवर काढा. मिठांमध्ये धरून ठेवलेलं पाणी कमी-जास्त असतं. एकाला ३५ खारेपणासाठी लिटरला ३६ ग्रॅम लागतात, दुसऱ्याला ४०. वीस किलोच्या बादलीतून पहिल्याचं सुमारे ५५५ लिटर पाणी होतं, दुसऱ्याचं ५००. आणि मोठी बादली घेण्याआधी पावसाळा मोजा. आठवड्याला २० लिटरच्या हिशेबाने २२ किलो मीठ साडेसहा महिन्यांच्या आसपास पुरतं. फेब्रुवारीत उघडलेली बादली जुलैत उघडीच असते. मिठातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतात. गठ्ठे बोटाने फुटत असतील तर मीठ चालतं, फक्त वजनावर विसंबायचं नाही, खारेपणा मोजूनच मात्रा ठरवायची. दगडासारखं झालं असेल आणि विरघळवल्यावर पाणी दुधाळच राहत असेल, तर आतच थर बसलेला असतो. ते फेकावं.

मी कोरड्या दिवशी, दुपारी, सगळं मीठ स्वच्छ ताडपत्रीवर ओतून गवंडी रेती-सिमेंट कोरडं कालवतो तसं फावड्याने वर-खाली करतो. मग एका पाणीबदलापुरतं, ७६० ग्रॅम, जाड झिप पिशव्यांत भरून हवा काढतो आणि त्या रबरी कडेच्या झाकणाच्या ड्रममध्ये ठेवतो. सिलिका जेलची पुडी पिशवीत नाही, ड्रममध्ये. कालवल्यामुळे पहिली आणि शेवटची पिशवी सारखी निघते. थेट बादलीतून काढत राहिलं तर तसं होत नाही.

जुन्या मिठावरून नव्यावर जाताना १० टक्क्यांच्या बदलाने वेगळी खबरदारी लागत नाही. सात बदलांनंतरही टँकमध्ये जवळपास निम्मं जुनंच पाणी असतं, इतका तो बदल सावकाश होतो. आजारपण किंवा अपघातामुळे एकदम ४० टक्के पाणी बदलायची वेळ आली, तर मात्र आधी नव्या पाण्याचा केएच मोजा. टँक ७.५ वर आणि नवं पाणी १२ वर असेल, तर एका तासात टँकचा केएच १.८ अंशांनी उडी घेईल. यासाठी मी कमी केएचच्या मिठाच्या काही पिशव्या वेगळ्या ठेवतो. प्रत्येक पिशवीवर मार्करने लॉट क्रमांक आणि मोजलेला केएच लिहितो, आणि नवा लॉट आला की पाच लिटरची चाचणी पुन्हा घेतो, मीठ तेच असलं तरी.