कामशेतचा वारा, हाउगास्तोलचा बर्फ

पुण्यात मार्च लागला की कूलर काढायची घाई असते आणि मी कोथरूडच्या घरात पंखा लावून बॅगेत थर्मल कोंबत होतो. मावसभाऊ नॉर्वेत ओस्लोला असतो, दादा म्हणाला यंदा बर्फ मस्त पडलाय, स्नोकाइटिंगला ये लगेच. म्हणजे पायात स्की, हातात मोठा पतंग (काइट), आणि तो वाऱ्यावर आपल्याला बर्फावरून ओढत नेतो. मग काय, ओस्लोहून बर्गनच्या ट्रेनने ४ तासांत हाउगास्तोल. तिथून हार्दांगरविड्डाचं पठार सुरू होतं, नजर जाईल तिथे पांढरं आणि मध्ये झाड नाही, म्हणजे वारा अडवायला काहीच नाही.

कामशेतला पॅराग्लायडिंग शिकताना विंग, म्हणजे त्याचा कापडी पंख, जमिनीवर सांभाळायची सवय झालेली, त्यामुळे काइट लवकर हातात आला. पण बर्फ कळायला दोन दिवस गेले. मला वाटायचं भरपूर बर्फ म्हणजे चांगला सीझन. तसं नसतं. दगड आणि झुडपं गाडली जातील इतका थर हवाच, कमी बर्फाच्या वर्षी स्की त्यावरच आपटतात, पण वर वाऱ्याने दाबून घट्ट झालेला पापुद्रा पण हवा. ताजा भुसभुशीत असला तर स्की रुततात, आणि ऊन पडून रात्री परत गोठला की नुसती काच, स्कीची कड धरतच नाही.

तिसऱ्या दिवशी सगळं जुळून आलं. वारा ताशी २५ किलोमीटरच्या आसपास, एकसारखा, झटके नाहीत. जमिनीलगत बारीक बर्फ सरकत होता, फुंकर मारल्यावर रांगोळी सरकते ना तसा, वाऱ्याची दिशा त्यावरूनच कळते. काइटच्या मागच्या कडेवर बर्फाचे ढीग ठेवून तो दाबून ठेवला, दोऱ्या सोडवल्या, बार (काइट चालवायचा दांडा) ओढला आणि काय खेच आली सांगू! थंड हवा जड असते त्यामुळे तेवढ्याच वाऱ्यात ओढ जास्त लागते. चढावर पण काइट ओढत नेतो, लिफ्ट नाही काही नाही, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

दुपारी ढग खाली आले तर दादाने लगेच थांबवलं. आकाश आणि जमीन एकच पांढरी झाली की उतार कुठे, खड्डा कुठे काहीच कळत नाही, तेव्हा काइट उतरवायचाच, हट्ट करायचा नाही.

पुढच्या मार्चला परत जाणार. तेव्हा ९ चौरस मीटरच्या काइटसोबत १२ चा पण नेणार, यंदा शेवटच्या दिवशी वारा पडला आणि ९ चा नुसता लोंबकळत राहिला.