कॅमेरा असताना सेन्सर कशाला?

"मॅडम, व्हिडिओत मशीन कसं हलतंय ते सगळं दिसतं. मग परत बेअरिंगवर कंपन मोजणारा सेन्सर कशाला लावता?" दर कारखान्यात कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

मी व्हिडिओच्या विरोधात नाही. 2012 साली एमआयटीच्या संशोधकांनी डोळ्याला न दिसणारी हालचाल व्हिडिओत मोठी करून दाखवली, तेव्हापासून मी या तंत्राच्या मागे आहे. वाकणारी फ्रेम, ताण आलेली पाइपलाइन, ढिला पाया हे मॅनेजरला आलेखावरून पटवताना माझा घसा बसायचा. व्हिडिओ दाखवला की अर्ध्या मिनिटात पटतं. पण त्या जानेवारीत ते मलाही फार लवकर पटलं.

साखर कारखाना, गाळप ऐन भरात. बॉयलरमधला धूर ओढून बाहेर काढणाऱ्या आयडी फॅनचं पेडेस्टल, म्हणजे बेअरिंग बसवलेला आधार, हलत होतं. कारखान्याच्या पेन मीटरवर, म्हणजे पेनासारख्या छोट्या कंपनमापकावर, 9 मिलिमीटर प्रति सेकंद. मी कॅमेरा लावला, हालचाल वाढवून पाहिली, तर बेसप्लेटचा एक कोपरा दर फेऱ्याला फाउंडेशनवरून उचलला जात होता आणि खालच्या फटीतून राख फुर्रकन बाहेर पडत होती. सगळे लॅपटॉपभोवती जमले. "सापडलं," चीफ इंजिनिअर म्हणाले. मलाही तसंच वाटलं. सेन्सर आणि त्याचं कंपन तपासणारा ॲनालायझर गाडीतच राहिला.

एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. पेडेस्टलला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्यांनी मूठ कानाला लावली. "मॅडम, आत खरखरतंय."

मी म्हणाले, "मामा, पाया घट्ट होऊ द्या, आवाज जाईल."

फटीत शिम, म्हणजे पातळ पत्र्या, घातल्या, बोल्ट आवळले. मीटर 4 वर आला. मी समाधानानं घरी गेले.

सहाव्या रात्री बेअरिंग जाम झालं. फॅन बंद, बॉयलर बंद, गाळप 22 तास बंद. पहाटे मी पोचले तेव्हा यार्डात बैलगाड्यांची रांग लागली होती. पाचटाच्या जाळाशी लेकराला घेऊन बसलेल्या ऊसतोड बाईनं विचारलं, "बाई, काटा कधी चालू व्हायचा?" तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, आणि त्यांची मजुरी टनावर. मला उत्तर देता आलं नाही.

फॅनचा वेग 985 आरपीएम, म्हणजे सेकंदाला साधारण 16.4 फेरे. माझा कॅमेरा सेकंदाला 120 फ्रेमचा, त्यामुळे त्याच्या निम्म्या, 60 हर्ट्झच्या (सेकंदाला 60 कंपनांच्या) आतलंच खरं धरायचं. त्याच्या वरचं काही दिसलं तरी चुकीच्या वेगानं हलताना दिसतं. बेअरिंगच्या रिंगवर खड्डा पडला की दर ठोक्याला धातू काही हजार हर्ट्झवर झणझणतो. 3000 हर्ट्झला 1 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं, त्वरण असलं, तरी हालचाल मायक्रॉनच्या तिसाव्या भागाहून कमी. ती कॅमेऱ्यात काय दिसणार? सेन्सरला मात्र ती सहज कळते, मामांच्या कानालाही कळली होती. पेन मीटरचा आकडाही हलक्या वेगाच्या मोठ्या हालचालीचाच असतो, म्हणून तो 4 वर आला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं.

पण व्हिडिओ खोटा नव्हता, हेही मी सोडणार नाही. पाया ढिला होताच. तो तसाच ठेवला असता तर बेअरिंग कदाचित आणखी आधी गेलं असतं. आणि मी सेन्सर लावून "बेअरिंग गेलंय" म्हटलं असतं, तर ऐन हंगामात, 9 चा 4 झाल्यावर, कुणी बॉयलर थांबवला असता का? कधी वाटतं नसताच थांबवला. मग वाटतं, निदान नवं बेअरिंग स्टोअरमध्ये आणून ठेवलं असतं, 22 तासांचे आठ झाले असते.

आता आधी सेन्सर, मग कॅमेरा. त्यात तासभर जास्त जातो म्हणून तुम्ही कुरकुरता, ते मला कळतं.

त्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगचा फोटो माझ्याकडे आहे. लोड येतो तिथेच बोटाच्या पेराएवढा खड्डा. पाया ढिला झाल्यामुळे तो पडला, की आधीपासूनच होता, हे फोटोवरून सांगता येत नाही. मी पुष्कळदा पाहिलाय.