बॉक्सएन वॅगन १:८७ : बॉडी झाली, आता लाल धूळ आणि काळी धूळ

मंडळी, बॉक्सएन म्हणजे रेल्वेचा वरून उघडा मालडबा, त्याची दोन मॉडेलं मी १:८७ मापात करतोय. मागच्या अपडेटनंतर दोघातिघांनी विचारलं की दोन्ही वॅगनी एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, मग दोन करतोयस कशाला. तर एक आहे २०१० च्या आधीची, म्हणजे कर्नाटकाने निर्यात बंद करायच्या आधी होस्पेट-बेल्लारी भागातून लोहखनिज घेऊन सह्याद्रीचा घाट उतरून गोव्यातल्या मुरगावला यायची ती, आणि दुसरी आत्ताची, मुरगाव बंदरात कोळसा भरून घाट चढून कर्नाटकातल्या तोरणगल्लूच्या बाजूला जाणारी. पत्रा तोच, बोगी (खालची चाकांची चौकट) तीच, मळ वेगळा. मला तो मळच करायचाय खरं तर, बॉडी हे फक्त त्याचं निमित्त.

मापं आधी देतो म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. हेडस्टॉक (टोकाची आडवी तुळई) ते हेडस्टॉक ९७८४ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ११२.५. रुळापासून उंची ३२२५, म्हणजे ३७. बोगीचा व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) २००० म्हणजे २३, चाक १००० म्हणजे ११.५. रेडिमेड चाकांत जवळचं १०.५ चं मिळतं, तेच घेतलंय, एक मिलिमीटर कोण बघतंय. गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) बोंब आपल्या सगळ्यांची सारखीच आहे, ब्रॉडगेज १६७६ ला ८७ ने भागलं तर १९.३ येतात आणि ट्रॅक १६.५ चा, त्यामुळे वॅगन समोरून बघितली की पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी वाटते, म्हणून मी समोरून फोटोच काढत नाही. ज्यांना हे अजिबात सहन होत नाही त्यांनी आमचीच लाईन मीटरगेजच्या काळातली करावी, नव्वदच्या दशकापर्यंत घाटात मीटरगेजच होतं आणि १००० ला ८७ ने भागलं की साडेअकरा, १२ मिमीचा ट्रॅक जवळजवळ बरोब्बर बसतो.

बॉडी स्टायरीनची (प्लॅस्टिकचा पातळ पत्रा). फ्लोअर १ मिमी, बाजू अर्धा मिमी, उभ्या पट्ट्या स्ट्रिपमधून कापून. पट्ट्या चिकटवायच्या आधी एक काम करा, खऱ्या वॅगनीचे पत्रे कधीच सपाट नसतात, दोन पट्ट्यांच्या मधला भाग आतल्या मालाच्या दाबाने बाहेर फुगलेला असतो. तर बाजू जाड रबरावर पालथी टाकायची, म्हणजे आतली बाजू वर, आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने प्रत्येक पॅनल हळूहळू घासत बसायचं, फुगवटा येतो. एखाद्या पॅनलला जास्त, एखाद्याला अजिबात नाही. पट्ट्या लागल्यावर हे जमत नाही. वरच्या कडेला पण दोनचार ठिकाणी चिमटा मारलाय, लोडरचं बकेट लागून ती कड वाकते, गोव्यातल्या सावर्डेच्या सायडिंगला उभ्या असलेल्या रेकमध्ये (अख्ख्या मालगाडीत) अशी वाकलेली कड मी कितीदा बघितलीय. फेविक्विक शक्यतो नको, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी झाक येते आणि आमच्याकडच्या दमट हवेत ती जास्तच येते.

आता माल. यावर मी जरा अडूनच बसतो कारण बऱ्याच मॉडेलमध्ये हे चुकलेलं दिसतं. बॉक्सएनची आतली जागा ५६ घनमीटर, माल नेऊ शकते साधारण ५८ टन. कोळसा हलका, म्हणून वॅगन काठोकाठ भरते. खनिज एका घनमीटरला अडीच टनाच्या आसपास पकडा, म्हणजे २३ घनमीटरमध्येच ५८ टन संपले, वॅगन अर्धीसुद्धा भरत नाही! आतली उंची १९५० मिमी, मॉडेलमध्ये २२, त्यात खनिज सरासरी ९ मिमीच यायला हवं, बाकी आतली भिंत उघडी. शेजारचे काका रेल्वेत गार्ड होते, त्यांना काठोकाठ लाल माती भरलेल्या एका मॉडेलचा फोटो दाखवला तर म्हणाले, "अरे बाबा, ही घाट उतरणार नाही, सरळ खाली जाणार." घाटात १ ला ३७ चा उतार आहे, त्यामुळे काकांचं बोलणं अगदीच थट्टेचं नाही.

म्हणजे खनिजाच्या वॅगनीला आतून पण रंगवायला लागतं, तिथून सुटका नाही. आतला पत्रा घासून घासून काही ठिकाणी उघडा पडलेला, कोपऱ्यात लाल चिखल सुकून बसलेला, आणि मालाच्या रेषेच्या वर नुसता गंज.

गंजासाठी मीठ वापरायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, ओल्या पृष्ठभागावर मीठ टाकायचं, वरून रंग, मग मीठ खरवडायचं. गोव्यात जून ते सप्टेंबर हे विसरा, मीठ डब्यातच पाणी धरतं तर वॅगनीवर काय राहणार. मी हेअरस्प्रेवर आलोय. खाली गंजाचे दोनतीन ब्राउन, वर वार्निश, मग हेअरस्प्रे, मग वॅगनीचा लालसर ब्राउन अ‍ॅक्रिलिकमध्ये, आणि वाळल्यावर लगेच ओल्या ब्रशने टोचायचं. रंग अ‍ॅक्रिलिकच हवा, इनॅमल असेल तर पाणी खालपर्यंत पोचतच नाही. कुठे टोचायचं ते महत्त्वाचं: दाराच्या बिजागऱ्या, खालची कड जिथे पाणी साठतं, आणि जिथे बकेट लागतं ती वरची कड. उगाच पॅनलच्या मधोमध गंजाचं भोक नको, फुगवट्यावर पाणी थांबत नाही.

लाल धूळ मात्र घरचीच आहे :) चिऱ्याचा (जांभा दगडाचा) तुकडा खलबत्त्यात कुटला, जुन्या सुती धोतराच्या कापडातून दोनदा गाळला. चिऱ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साईडमुळेच, त्यामुळे रंग जुळवायची भानगड नाही. विकतच्या पिगमेंटइतकी बारीक होत नाही ती, म्हणून बाहेरून फार नको, पण फ्लोअरला, कोपऱ्यात आणि बोगीच्या वर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने बसवली की मस्त बसते. दुसरा घरगुती प्रकार, स्टीलवूल माडाच्या विनेगरमध्ये झाकण सैल ठेवून भिजत घालायचं, जे पाणी तयार होतं ते कापलेल्या कागदाच्या पत्र्यावर किंवा लाकडावर लावलं की हवेत हळूहळू खरा गंज चढतो. स्टायरीनवर धरत नाही, चाकाजवळच्या लाकडी स्लीपरला वापरणार आहे. आईने ती बाटली चुकून फिश करीत घालू नये म्हणून वर लाल टेप.

कोळशाच्या वॅगनीत उलटा प्रकार. काळं सगळीकडे फासलं की ती जळलेली दिसते. नीट बघितलं तर काळं दारांच्या फटीतून खाली ओघळतं, पावसाने पट्ट्यांच्या कडेने रेषा पडतात, आणि मधला पत्रा बराच ब्राउनच राहतो. वॅगनी देशभर फिरतात, आज कोळसा उद्या खनिज, म्हणून काळ्याच्या खाली थोडी लाल पण दिसली पाहिजे. आधी लाल, ती वार्निशने पक्की केली, मग वर काळ्या ऑइल पेंटचे ओघळ, टर्पेंटाइनमध्ये ब्रश भिजवून खाली ओढत. यातली दारांची बाजू मला अजून पटत नाहीये, ओघळ सगळे एकाच लांबीचे दिसतात, परत पुसून करीन.

नंबरसाठी पांढऱ्या डेकल शीटवर (पाण्यात भिजवून चिकटवायचा छापील कागद) पार्श्वभूमीच ब्राउन छापली आणि अक्षरं कोरी सोडली, म्हणजे पांढऱ्या टोनरची गरज नाही. ब्राउन थोडा वेगळा दिसतो, धुळीखाली खपतो. नंबर खोटा टाकला तरी गणितात बसणारा टाका राव! ११ आकडे असतात, पहिले दोन प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, मग वर्ष, मग चार आकडी क्रमांक आणि शेवटचा चेक डिजिट (नंबर बरोबर आहे का ते तपासायचा आकडा). सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज गुणिले ३, त्यात विषम जागांची बेरीज, आणि पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो शेवटचा आकडा. ५३ आले तर ७.

वजन दोन्हींचं ९० ग्रॅमच्या आसपास ठेवलंय, जाळ्याला लावतात ते शिसं मालाच्या खाली लपवून. आणि हो, भरलेली वॅगन स्प्रिंग दबून खाली बसते, नियमात रिकाम्या गाडीच्या बफरची रुळापासून उंची जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि भरलेलीची कमीत कमी १०३०, आपल्या स्केलला मिलिमीटरसुद्धा नाही, पण रिकामी वॅगन शेजारी उभी केली की डोळ्याला कळतं. पुढे रिकामी केली तर तिच्या बोगीखाली वॉशर घालणार.

बोगीच्या साइडफ्रेमचे मास्टर (साच्यासाठीचे मूळ नमुने) तयार आहेत, सिलिकॉनचा साचा पण झालाय, पण रेझिन पाऊस संपल्याशिवाय ओतणार नाही, पॉलियुरेथेनला ओल लागली की फेस येतो आणि स्प्रिंगच्या जागी बुडबुडे. तोपर्यंत दोन्ही बॉडी दुसऱ्या मॉडेलच्या बोग्यांवर उभ्या आहेत, फोटोत ते दिसेल, त्यावर कमेंट नको. कोणाकडे बीआरएन फ्लॅट वॅगनची नीट मापं असतील तर पाठवा, कोलाड-वेर्णा रोरोचे (भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून नेतात ती गाडी) दोनतीन डबे ट्रकसकट करायचे डोक्यात आहेत आणि ट्रक आधीच घेऊन ठेवलेत.