पीथमपूर ते पोर्ट सुदान : ३१,२०० बाटल्या

शुक्रवार, १२ जानेवारी २०२४. त्या पहाटे अमेरिका आणि ब्रिटनने लाल समुद्रात जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या ठाण्यांवर हल्ले केले आणि दहाच्या सुमारास इंदूरला आमच्या क्लिअरिंगच्या ऑफिसात शिपिंग लाइनचा मेल आला : न्हावा शेवा ते सौदीचं जेद्दाह बंदर, बुकिंग रद्द. आमचा वीस फुटी कंटेनर पीथमपूरच्या डेपोत सील होऊन उभा होता. कस्टमची ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’, म्हणजे माल बाहेर न्यायची परवानगीही झालेली.

आत रिंगर लॅक्टेट सलाइन. १,३०० खोकी, खोक्यात २४ बाटल्या, प्रत्येकी ५०० मिली. माल जायचा होता सुदानच्या पोर्ट सुदान बंदराला आणि तिथून देशाच्या पूर्वेकडच्या गेदारेफकडे. तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये कॉलरा जाहीर झाला होता. कॉलऱ्याने पार सुकलेल्या ५० किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांत पाच लिटर चढवावं लागतं, त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात. माणशी दहा बाटल्या. म्हणजे त्या एका कंटेनरमध्ये तीन हजारांवर रुग्णांचे पहिले तीन तास होते.

लाल समुद्रात शिरायची दक्षिणेकडची सामुद्रधुनी, बाब-अल-मंदेब, बंद म्हणजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जिब्राल्टर, मग सुएझमधून उलटं खाली यायचं. एवढे आठवडे कोणाकडे होते? दुसरी वाट दुबईच्या जबल अली बंदराची : तिथे उतरवून ट्रेलरने घुवैफात–बथा या सीमेवरच्या नाक्यावरून सौदीत, सुमारे दोन हजार किलोमीटर जेद्दाहपर्यंत, पुढे छोट्या जहाजाने पलीकडे. आम्ही हीच धरली.

ऑर्डर झाल्यावर उतरण्याचं बंदर बदलायचं तर कस्टम कायद्याच्या कलम १४९ खाली शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या कस्टम अर्जात, दुरुस्ती लागते. लाइनचं पत्र जोडून अर्ज दिला. सील तसंच राहिलं. खरी चूक होते ती बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीत. नुसतं ‘जबल अली’ लिहिलं की तिथे माल आयात धरला जातो, ड्यूटीचा प्रश्न उभा राहतो आणि कंटेनरचं भाडं रोज चढत जातं. म्हणून अंतिम ठिकाण ‘पोर्ट सुदान’ आणि ‘इन ट्रान्झिट’ हे शब्द मसुद्यात आहेत ना, ते तीनदा वाचलं. बंदराकडे जाणारा संध्याकाळचा रेक, म्हणजे मालगाडी, चुकला. पुढचा संक्रांतीनंतर.

जादा खर्च आला २,५०० डॉलर, म्हणजे दोन लाखांवर रुपये. बाटली कारखान्यात २२ रुपयांची, तिच्यावर साडेसहा रुपये चढले. दोन कोटींच्या गोळ्यांच्या कंटेनरला हाच खर्च जेमतेम एक टक्का पडला असता. सलाइन म्हणजे जवळजवळ पाणीच. वजन भारी, किंमत हलकी. समुद्रात क्षेपणास्त्र सुटलं की त्याचं भाडं असं सगळ्यात गरीब रुग्णाच्या बाटलीवर बसतं, आणि हे मला अजूनही सहन होत नाही.

विम्याचंही तसंच. मालाचा युद्धविमा जहाजावर असेपर्यंतच चालतो, जमिनीवर नाही. पोर्ट सुदानच्या धक्क्यावरून गेदारेफला निघालेल्या ट्रकवर, जिथे देशात प्रत्यक्ष युद्ध चालू होतं, तो नव्हता. तेवढा रस्ता घेणाऱ्याने स्वतःच्या जोखमीवर धरला, तसं लेखी कळवलं, आणि मंगळवारी कंटेनर रेकवर चढला.