बगलफूट

दुपारी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि हात आपोआप टोमॅटोच्या बगलेत गेला. पान आणि खोडाच्या बेचक्यात करंगळीएवढा कोवळा फुटवा आला होता. अंगठा आणि तर्जनी त्याला जाऊन भिडलीसुद्धा. मग आठवलं, याचं काढायचं नसतं. हात मागे घेतला, पण बोटांना काही ते पटलं नाही.

तासगावाकडं आजोळ असलेल्या माणसाला बगलफूट दिसावी आणि त्यानं ती तशीच ठेवावी, हे जरा अवघडच आहे. आमची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मामाची द्राक्षबाग. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या खरडून काढणं, झालेली असायची आणि आम्ही पोचेपर्यंत ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या आडव्या खोडावर, हिरवीगार गर्दी. पुढं मामा, मागं आम्ही भावंडं, पलीकडच्या ओळीत कामाला आलेल्या बायका. त्या बोलता बोलता दोन्ही हातांनी खुडायच्या आणि त्यांची ओळ आमच्या आधी संपायची. शेंडा मारायचा, सबकेन धरायची, म्हणजे मारलेल्या शेंड्याखालची एक फूट पुढं वाढायला ठेवायची, बाकीच्या बगलफुटी काढायच्या. सबकेन हा शब्द मी दहावीपर्यंत अस्सल मराठी समजत होते. एखादा शेंडा राहिला की मामा न ओरडता परत यायचा, तो मोडून माझ्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "जोर सगळा हितं वर गेला, तर काडीत घड कुठनं धरंल?" दुपारी बांधावर भाकरी खाताना बोटं हिरवट तुरट लागायची. तेवढ्यासाठी विहिरीपर्यंत हात धुवायला कोण जाणार?

मामाला खुडायची खोडच होती. आमच्याकडं आला की मोगऱ्याचे शेंडे गेले, तुळशीच्या मंजिऱ्या गेल्या. एका लग्नात अक्षतांना उशीर झाला, तर मांडवाच्या खांबाला बांधलेल्या आंब्याच्या डहाळीची त्यानं बसल्या बसल्या नुसती काडी करून ठेवली.

2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरावर गेले, तेव्हा अर्ध्या सांगलीसारखी मीही बियांची पुडी आणली. रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या, तळाला भोकं, हरिपूरच्या बाजूनं आणलेली काळी माती आणि शेणखत. रोपं दोन फुटांची झाल्यावर मी वारसाहक्कानं कामाला लागले. एकही बगलफूट ठेवली नाही. झाडं अशी सडसडीत दिसायला लागली की मीच त्यांचे फोटो काढले. तीन झाडांवर मिळून टोमॅटो आले अकरा.

नर्सरीवाल्यानं फोटो बघून कपाळाला हात लावला. "ताई, ही झुडूप जात. हिच्या बगलफुटी काढल्या म्हणजे तुम्ही फळंच काढली की."

वेलासारखी जात वर वर जात राहते. तिला बांबू, तार, सुतळी लागते आणि तिच्या बगलफुटी काढतातही. झुडूप जात तीनचार फुटांत आटपते. ठरावीक वाढ झाली की खोडाच्या टोकावरच फुलाचा झुपका येतो आणि शेंडा तिथंच संपतो. फांद्यांचंही तेच. मग फळं धरायची ती या फांद्यांवर, म्हणजे मी बादलीत टाकून दिलेल्या फुटव्यांवर. असं स्वतःचा शेंडा स्वतःच मारणारं झाड पहिल्यांदा 1914 साली फ्लोरिडात आपसूक निपजलं, हेही नंतर वाचलं. शंभर वर्षं जुनी बातमी माझ्या गच्चीवर यायला एवढा वेळ लागला.

आजी टोमॅटोला बेलवांगी म्हणायची. बेल म्हणजे वेलच असणार. वांग्याचं भावंड म्हणून वांगी ठीक आहे, पण वेलच नसलेल्या या बुटक्याला आजी काय म्हणाली असती? बहुतेक काहीच नाही. कृष्णाकाठच्या वांग्यापुढं तिला टोमॅटो ही भाजीच वाटत नसे.

यंदा मी बोटं आवरली. नुसत्या काठ्या लावल्या, भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून. पाणी मात्र मोजून रोज. मागं चार दिवस विसरून एकदम बादलीभर ओतलं होतं, तेव्हा फळं तडकली होती. यंदा झाडं भरली. पण या जातीला दम नाही, सगळं एकदम पिकतं. जानेवारीच्या दोनतीन आठवड्यांत अख्खी गच्ची लाल, आणि नेमके तेव्हाच मंडईत टोमॅटो मातीमोल. सार झालं, शेंगदाण्याचं कूट घालून चटणी झाली. शेजारच्या काकू आता माझ्या हातात पिशवी दिसली की जिन्यातूनच म्हणतात, "अगं, कालचेच आहेत."

परवा मामा आला. बाग काढून दोन वर्षं झाली. सलग तीनदा अवकाळीनं ऐन फुलोऱ्यात गाठलं, गळ आणि कूज झाली आणि चौथ्या वर्षी त्यानं मुळासकट उपटली. त्याविषयी तो बोलत नाही, आम्ही विचारत नाही. गच्चीवर खुर्ची टाकून दिली तर सरळ बादल्यांपाशी गेला. हात पुढं झाला.

"मामा, याचं काढायचं नसतं."

"काढायचं न्हाई?"

मी सगळं सांगितलं, खोडाच्या टोकाचं फूल दाखवलं. त्यानं चष्मा वर करून खूप वेळ बघितलं.

"म्हंजे शेंडाबी त्येच मारतंय?"

"हो."

"मग ह्येला माणूस कशाला लागतंय?"

मी चहा आणायला खाली गेले. परत आले तर मामा खुर्चीत शांत बसला होता. चहा झाला, नको नको म्हणत दोन किलो टोमॅटो घेऊन तो पाचच्या गाडीनं गेला. संध्याकाळी बेसिनजवळचा पांढरा नॅपकिन धुवायला घेतला, तर त्यावर दोन बोटांचे पिवळसर हिरवे डाग.

वर जाऊन मी अजून बघितलेलं नाही.