मे महिन्यातली हवा कॅनव्हासवर

गेल्या मे महिन्यातलं काम. एका दवाखान्याच्या वेटिंग रूमसाठी पाच बाय तीन फुटांचा कॅनव्हास, विषय आमच्या सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव, पण फोटोसारखा नको, बसलेल्या पेशंटला बघून जरा निवांत वाटलं पाहिजे, एवढंच सांगणं होतं.

सकाळी नऊला सुरुवात केली. लांबचं निळसर आणि फिकं, जवळचं गडद, हे कॉलेजपासून हातात बसलेलं, म्हणून अल्ट्रामरीन निळ्यामध्ये टायटॅनियम व्हाइट घालून क्षितिजाची पट्टी ओढली आणि मागे येऊन बघितलं तर ते साफ खोटं. महाबळेश्वर वाटत होतं, सोलापूर नाही.

त्यात बाहेर 42 डिग्री आणि लाईट गेलेली. अॅक्रिलिक म्हणजे त्यातलं पाणी उडालं की सुकलं, आणि एकदा सुकलं की पाण्याने परत सुटत नाही. रंग सावकाश वाळावा म्हणून रिटार्डर घातलं, स्प्रेने पाणी मारत राहिलो, तरी आकाशाचा एक रंग दुसऱ्यात मिसळायच्या आत वाळायचा आणि मधे कडक रेघ उठायची. दीड तास असाच गेला. शेवटी वैतागून टर्किश टॉवेलचा ओला तुकडा घेतला (आमच्या गावात टॉवेलच्या कटपीसला काय तोटा) आणि ती निळी पट्टी पुसायला गेलो.

कडेचा रंग वाळला होता तो राहिला, मधला ओला होता तो निघाला, आणि खालून दोन दिवसांपूर्वी दिलेला यलो ऑकर-बर्न्ट सिएनाचा, म्हणजे मातकट पिवळ्या-तांबूस रंगाचा पातळ हात वर आला, तो पक्का सुकलेला म्हणून जागचा हलला नाही. टॉवेलच्या फंद्यांचे बारीक बारीक ठिपके उठले होते. मी नुसता बघत उभा राहिलो. दुपारी तुळजापूर रोडला लांब नजर टाकली की जे दिसतं ना, तेच होतं ते!

मग डोक्यात लख्ख पडलं. लांबचा डोंगर निळा दिसतो कारण स्वच्छ हवेतले अगदी बारीक कण निळा प्रकाश जास्त पसरवतात. धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे पसरवतात, म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात लांबचं निळं नसतंच, मातकट पांढुरकं असतं. शिकलो ती हवा दुसऱ्या गावची होती.

पुढचं काम भराभर झालं. टायटॅनियम बाजूला ठेवला, तो फार झाकतो, खडूसारखा दिसतो. झिंक व्हाइट अर्धपारदर्शक, त्याचा चिमूटभर भरपूर ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पारदर्शक करणारं द्रावण) घालून रोलरने पातळ थर, वाळू द्यायचा, परत थर, असे सात. आता उन्हाचा फायदाच होत होता, थर पटापट वाळत होते. चित्रकार वासुदेव गायतोंडेंनी रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाच्या आत उजेड कसा धरला ते त्या दुपारी पहिल्यांदा हाताला कळलं, डोळ्यांना आधी कळलं असेल.

झाड नाही, देऊळ नाही, काही काढलं नाही. फक्त पॅलेट नाइफच्या धारेने ओल्या थरात एक आडवी रेघ खरवडली, पाणी मागे सरकलं की काठ उघडा पडतो तेवढीच.

सात वाजता थांबलो. कॅनव्हास उलटा करून मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं: ऑकर तीन, सिएना एक, वर झिंक, निळा पुसलेला.