अशोकारिष्ट आणि अस्मानी-सुलतानी

१९८९च्या पुरानंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा मी नववीत होतो. कुणाच्या तालमीत पाणी शिरलं, जामदार क्लबाच्या पुढं किती चढलं, याशिवाय कोल्हापुरात दुसरं बोलणं नव्हतं. मराठीच्या सरांनी निबंधही पुरावरच दिला. वर्गातल्या एकानं लिहिलं, 'शहरावर अरिष्ट कोसळले.' सरांनी वहीतून मान वर केली.

"तुझी आजी अशोकारिष्ट घेती का रं?"

"घेती की, सर."

"मग रोज दोन चमचे संकट पिती व्हय?"

निबंध तिथंच राहिला. सर सांगू लागले: संस्कृत 'रिष्' धातू म्हणजे इजा होणं. अरिष्ट म्हणजे ज्याला इजा झाली नाही ते. म्हणून न बिघडणारं औषध ते अरिष्ट. केस धुवायचा रिठासुद्धा मूळचा अरिष्टकच. संस्कृत कोशांत या शब्दाला शुभ आणि अशुभ असे दोन्ही अर्थ आहेत. एवढा चांगला शब्द संकटावर कसा आला? सरांचं मत असं, की वाईटाचं नाव तोंडानं घेऊ नये म्हणून. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. गोवरापेक्षा भयंकर रोगाला 'देवी' म्हणतो. मला हे तेव्हा पटलं, आजही पटतं.

मग आपत्ती. ती 'पद्' धातूची, अंगावर येऊन पडणारी. संपत्ती आणि विपत्ती तिच्या सख्ख्या बहिणी. पुरामुळं मिळालेली सुट्टी ही आमची इष्टापत्ती, हेही सरांनीच हसत सांगितलं. आफत अरबीतून फारसीमार्गे आली आणि इथंच राहिली.

पण सरांचा लाडका शब्द 'अस्मानी-सुलतानी'. आस्मान म्हणजे आभाळ. पाऊस दडला, गारा पडल्या, नदी चढली, की अस्मानी. जुलमी वसुली, लुटालूट, राजाची बेफिकिरी, ही सुलतानी. बाकीचे शब्द नुसतं संकट आलं एवढंच सांगतात, हा एकटा कुणी आणलं ते विचारतो, असं ते म्हणायचे.

पुढं मी वकील झालो. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची ४३ फुटांची पातळी मागं पडून पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. चिखली-आंबेवाडीची माणसं नावेतून काढावी लागली. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत, हे तेव्हा पोरंसोरंसुद्धा मोजत होती. पाणी ओसरायच्या आतच भांडण सुरू झालं: कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, धरणांतून विसर्गाची वेळ, पूररेषेच्या आत उठलेल्या इमारती. सगळे तावातावानं बोलत होते, आणि मला वाटलं, हे तर सरांच्याच तासाला बसलेत. पाऊस अफाट पडला हे खरंच. पण नदीच्या जागेत आभाळ काही प्लॉट पाडत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा, म्हणजे आपल्याकडच्या आणखी एका मोठ्या पुराच्याच वर्षातला. त्यात आपत्तीची व्याख्या करताना कारणं सांगितली आहेत: नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, शिवाय अपघात किंवा हयगय. मागं सरांकडं गेलो तेव्हा त्यांना ते कलम वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून कागद स्वतः पुन्हा वाचला.

"शब्द पुस्तकी आहेत," ते म्हणाले, "पण सुलतानाला आत घेतलंय, हे बरं केलं."